ओहोटीची रांग

१ मार्च

आज मला शेवाळ मंडळाची प्रमुख म्हणून एकमताने निवडलं. एकमताने म्हणजे काय, तर "प्रमुख कोण होणार?" असं विचारल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नवखी, मी आपली समोर बघत राहिले. तेवढ्यात आमच्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या, आणि मग काय, सगळे सुटलेच. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर लोकांना वाटलं आभाराचं भाषण आहे.

माझं उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलं, आणि ते खरोखरच उभ्याने गेलं. निवृत्त झाल्यावर दादा-वहिनींकडे थोडे दिवस म्हणून आले. त्यांनी पुढची खोली मला दिली आहे. शहरातली भाड्याची खोली मी सोडलेली नाही, कुलूप घालून आले आहे. दादा म्हणतो, "कशाला ठेवलीस?" असू दे. कोणाला आपली अडचण नको.

काम असं आहे. इथल्या खडकांवर लालसर, मऊ, हातभर लांब शेवाळ उगवतं. पंधरवड्यातून चार-पाच दिवस मोठी ओहोटी असते, तेव्हा खडक उघडे पडतात. मंडळाची माणसं विळ्याने शेवाळ कापतात, वाळवतात आणि कारखान्याला देतात. तिथे त्यातून काहीतरी चिकट काढतात, आइस्क्रीम घट्ट करायला म्हणे. नियम असा की बुडापासून वीतभर ठेवायचं आणि वरचं कापायचं, म्हणजे ते पुन्हा वाढतं. बुडाशी कापलं की खडक बोडका झालाच समजा. मधला मोठा कातळ तर यंदा बियाण्यासाठी राखून ठेवला आहे, त्याला विळा लावायचाच नाही.

सरकारी खात्याने कळवलं आहे की हंगामाच्या शेवटी खडक मोजणार. पुरेसं शेवाळ उभं दिसलं तर कापायची परवानगी पुढे चालू, नाहीतर किनारा बंद. तसं झालं तर दादा-वहिनी घर आवरून मुलीकडे जाणार, हे दोघांचं ठरलेलं आहे. मला काय, माझी खोली आहे. पण हाती घेतलंय ते चोख करून दाखवीन. भरगच्च बस सांभाळलेल्या बाईला वीस माणसांचा किनारा काय जड आहे?

४ मार्च

हे काम आहे की सहल?

आज पहिल्यांदा वाळूत उभं राहून कापणी पाहिली. सगळे पाण्याच्या कडेने एका रांगेत निघतात. रांगेच्या मधोमध रेडिओ. या बाईचं खरं नाव काय, ते तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागत असेल. तिचं तोंड विळ्यापेक्षा जोरात चालतं. सध्या ती आपल्या शेजारच्या दोन भावांची हकीकत सांगते आहे. त्यांनी भांडून घराच्या मधून भिंत घातली. वाटणीत जिना गेला थोरल्याकडे आणि वरचा मजला धाकट्याकडे. आता धाकटा रोज बाहेरून शिडी लावून खिडकीतून घरात जातो. त्याची बायको माहेरून आली तेव्हा तिच्या पेट्या कशा चढवल्या, इथपर्यंत आज मजल गेली.

जो मागे पडेल त्याला पुढचं ऐकू येत नाही, म्हणून कोणी एका खडकावर धड थांबतच नाही. दोन मुठी इथे कापल्या, की चालले पुढे. समोर दाट शेवाळ उभं आहे, ते तसंच टाकून पुढे! मी मागून ओरडले, "अहो, हे राहिलं की!"

"राहू दे हो," उंचेली म्हणाली. ही सगळ्यांत उंच, म्हणून उंचेली. "तिकडे पेटी अडकलीय खिडकीत!"

रांगेच्या टोकाला मास्तर असतात, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्यापर्यंत गोष्ट तोंडातोंडी पोचते. तोवर पेटीच्या तीन पेट्या झालेल्या असतात आणि बायको खिडकीत अडकलेली असते. मास्तर मात्र सगळं खरं मानून मान डोलावतात.

अशाने किनारा वाचणार? शिस्त म्हणून नाही. मी काही बोलले नाही, पण मनात सगळं ठरवून टाकलं.

१२ मार्च

आज एक डबा पांढरा रंग आणि ब्रश घेऊन गेले आणि खडकांच्या डोक्यावर आकडे टाकले. प्रत्येकाला एक खडक. ज्याचा खडक त्याची जबाबदारी, अगदी सीट नंबरासारखं. आपल्या खडकावर उभं राहायचं, तिथलंच कापायचं, दुसऱ्याच्या खडकावर पाय ठेवायचा नाही, आणि गप्पा बंद. काम सुरू करायची शिट्टी, थांबायची शिट्टी.

सभेत हे सांगितलं तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. याला म्हणतात पटणं.

वहिनी जेवताना म्हणाल्या, "वन्सं, गप्पा अगदीच बंद का हो?"

म्हटलं, "बसमध्ये ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते, ती उगाच असते का?"

वहिनींनी माझ्या पानात आणखी भात वाढला. दादा खोकला.

१९ मार्च

काय देखणं दृश्य! प्रत्येक खडकावर एक माणूस, वाकलेला, कामात. कुठे आवाज नाही. लाटांचा आवाज इतका मोठा असतो हे मला आजवर माहीत नव्हतं. पोतीही भरभरून आली.

उंचेलीचा खडक तर तिने असा साफ केला आहे की घासलेलं पातेलं. मी शाबासकी दिली. ती म्हणाली, "करायचं काय, बाई? पाणी वर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. वरचं कापून झालं, मग खालचं कापलं."

रेडिओ अगदी गप्प होती. तिला बरं नसावं. वाळवणीच्या जागी मास्तर हळूच तिला विचारताना दिसले, "धाकटा छत्री घेऊन शिडी कसा चढला?" मी पाहतेय असं दिसल्यावर दोघांनी शेवाळ पसरायला सुरुवात केली.

२ एप्रिल

खात्याच्या मॅडम आल्या होत्या. तरुण आहेत, गुडघ्यापर्यंत बूट, हातात लोखंडी चौकट. ती चौकट खडकावर टाकायची आणि तिच्या आत किती शेवाळ उभं आहे ते मोजायचं. मी त्यांना मोठ्या ऐटीत माझे आकडे दाखवले. त्यांनी आकडे पाहिले, खडक पाहिले. मग उंचेलीच्या खडकावर उकिडव्या बसल्या आणि बोटाने दगड खरवडला.

"हे बुडापासून गेलंय," म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या निम्म्यानेही नाही. हे असंच राहिलं तर जूनमध्ये मला बंद लिहावं लागेल."

माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि इथे ती तशीही सरकतच असते. गेल्या वर्षी ना आकडे होते, ना शिट्टी, ना मी. तरी तेव्हा जास्त होतं? मॅडमचं काहीतरी चुकत असणार. नाहीतर गेल्या वर्षी मोजणाऱ्याचं चुकलं असणार.

घरी आल्यावर दादाने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "आणखी शिस्त लागेल." वहिनी खिडकीजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "या खिडकीतून समुद्र दिसतो. मुलीच्या घरातून समोरच्यांची गॅलरी दिसते."

मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

१६ एप्रिल

सकाळी इतकं धुकं की स्वतःचा विळा दिसेना. अशात माणसं विखरून ठेवणं धोक्याचं, लाट कुठून येईल कळत नाही. मी सांगितलं, आज आकडे राहू देत, सगळे जवळजवळ राहा, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात. आवाज हवा म्हटल्यावर रेडिओने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मग बोलू?"

"बोल, पण सुरक्षेपुरतं."

तिने सुरक्षेपुरतं भावांच्या घरी पाहुणे आल्यापासून सुरू केलं. धाकट्याने सासऱ्याला शिडीवरून कसं चढवलं, सासरे अर्ध्यावर जाऊन "आता मी इथेच राहतो" कसे म्हणाले. धुक्यातून हसणं तेवढं ऐकू येत होतं. मी वाळूतच उभी होते, शिट्टी तोंडात धरून. मला नीट ऐकू येत नव्हतं म्हणून चार पावलं पुढे गेले, ती केवळ देखरेखीसाठी.

पोती नेहमीइतकीच भरली.

१७ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला हात जड झाला आहे.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. मी एकटीच पुढे जाऊन कालची जागा पाहिली आणि चक्रावले. खडक जसेच्या तसे! शेवाळ उभं, पाण्यात डोलतंय, कोणी हात लावला नसावा असं. मग कालची एवढी पोती आली कुठून? माझ्या डोक्यात एकच आलं. धुक्याचा फायदा घेऊन यांनी राखीव कातळ कापला.

वाळवणीच्या जागी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं. विचारलं कसलं, आरोपच केला. बसमध्ये तिकीट तपासताना जो आवाज लावायचे तो लावला. शेवटी रेडिओ पुढे आली.

"कंडक्टरबाई, आम्ही विनातिकीट नाही," एवढंच म्हणाली. विळा पोत्यात खोचला आणि चालायला लागली. तिच्या मागे उंचेली, तिच्या मागे मास्तर. सगळ्यांत शेवटी वहिनी निघाल्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, घरी आल्यावरही नाही. माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं.

१८ एप्रिल

मोठी ओहोटी, आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नाही.

मी राखीव कातळावर गेले. पाणी कमरेपर्यंत होतं. गेले ते पुरावा शोधायला. कातळावर शेवाळ इतकं दाट होतं की पाय ठेवायला दगड दिसत नव्हता. एक काडी कापलेली नाही. बोटाएवढे मासे आतबाहेर करत होते, त्यांना माझी जराही भीती वाटली नाही. मी तिथे बसून रडले. तो कातळ राखायचा म्हणून यांनी राखला होता. माझ्या शिट्टीसाठी नाही, आकड्यांसाठी नाही, आपला आहे म्हणून. आणि मी त्यांना चोर म्हटलं.

घरी येऊन वहिनींना म्हटलं, "माझं चुकलं. मी खोलीवर परत जाते."

वहिनी म्हणाल्या, "आधी ओले कपडे बदला." मग म्हणाल्या, "आणि चुकलं ते मला कशाला सांगता? उद्या सगळ्यांना सांगा. मी निरोप देते."

१९ एप्रिल

सगळ्यांसमोर कान धरले. लाज वाटली, पण बरं वाटलं. रेडिओ फुरंगटून उभी होती. म्हटलं, "मला तुमच्याबरोबर कापू द्या. धुक्याच्या दिवशीची पोती कशी भरली ते मला कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत मी नुसतं बघून शहाणपणा करणार नाही."

"विळा कसा धरतात ते येतं का?" उंचेलीने विचारलं.

"नाही."

"मग माझ्या डाव्या हाताला राहा. उजव्या हाताला राहिलात तर कान जाईल."

अशी मी रांगेत शिरले. पहिली मूठ कापायला एवढा वेळ लागला की काय सांगू. आणि तिकडे रेडिओचा राग पहिल्या तीन खडकांतच संपला, कारण गोष्ट तिच्या पोटात मावत नव्हती. थोरल्याने म्हणे जिन्याला दार बसवलं होतं आणि दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली तो स्वतःच आत विसरला. आता आत शिरायला वरची खिडकी तेवढी उरली, आणि शिडी धाकट्याची.

"मग?" मी ओरडले.

रेडिओ पुढच्या खडकाकडे निघाली होती. मी हातातली मूठ पोत्यात टाकली, समोर चांगलं जुडगं होतं ते तसंच सोडलं आणि धावले. दोन मुठी, की पुढे. दोन मुठी, की पुढे. थोरला शिडी मागायला गेला, धाकटा म्हणाला, "भाड्याने देतो." आम्ही पोट धरून हसलो. आणि अशीच एकदा कंबर सरळ करायला म्हणून मी मागे वळून पाहिलं.

मागे सगळं शेवाळ उभं होतं. माझं, उंचेलीचं, मागून येणाऱ्यांचं. प्रत्येक खडकावरून थोडं थोडं गेलेलं, वीतभर काय, दीड-दीड वीत शिल्लक.

मी मटकन तिथेच बसले. म्हटलं, "अहो! तुम्ही बुडापर्यंत कापत नाही, कारण तेवढा वेळच नसतो तुम्हाला! गोष्ट पुढे गेलेली असते!"

"आम्ही आपल्या ऐकायला जातो हो," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर! मी तुम्हाला एकेका खडकावर गप्प उभं केलं. माझा खडक, माझंच शेवाळ, आणि भरती येईपर्यंत दुसरं करायला काही नाही. मग माणूस वरचं कापतो, मग मधलं, मग बूड खरवडतो."

उंचेलीने आपल्या घासलेल्या खडकाकडे पाहिलं आणि तोंडात बोटं घातली. रांगेच्या टोकाला हे पोचायला थोडा वेळ लागला. मग मास्तरांचा आवाज आला, "म्हणजे इतकी वर्षं आपण नियम पाळत होतो की काय?"

२० एप्रिल

नवे नियम. एक, रांगेतच चालायचं. दोन, रेडिओने बोलायचं. तीन, मूठ मोठी झाली आणि पावलं थांबली असं दिसलं तर शेजारणीने कोपर मारायचं. मास्तरांनी तिसऱ्या नियमात "हलकेच" हा शब्द घालून घेतला, ते वहिनींच्या शेजारी असतात.

दुपारी सगळ्यांनी मिळून तारेच्या घासण्यांनी माझे आकडे खरवडून काढले. हसण्याखिदळण्यात पाणी वर आलं तेही कळलं नाही, चपला वाहून गेल्या.

३ मे

हात सोलवटले आहेत, कंबर बोलते आहे, आणि मला इतकी भूक लागते की वहिनींनी मोठं पातेलं काढलं आहे. उंचेलीच्या खडकावर बारीक लाल केस उगवल्यासारखं दिसतं. आम्ही सगळे रोज तिथे थांबून ते पाहतो. उंचेली तर त्याच्याशी बोलते.

१७ मे

भिंत पडली!

धाकटा शिडीवरून घसरला. फार लागलं नाही, पण ओरडला मोठ्याने. थोरल्याने बाहेर येऊन त्याला उचललं आणि सरळ आपल्या जिन्याने वर नेऊन झोपवलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून भिंत फोडली. सांगताना रेडिओ रडत होती, ऐकताना आम्ही. मास्तरांपर्यंत पोचेस्तोवर दोघा भावांनी एकमेकांना जिना भेट दिला होता. फार आनंदाचा दिवस गेला.

१८ मे

आता काय?

गोष्ट संपली आणि रेडिओकडे दुसरी नाही. तिने तीच पुन्हा सांगून पाहिली, पण किल्ली आत राहिली आहे हे सगळ्यांना माहीत असल्यावर कोण धावतंय? उंचेलीने तिच्या बोक्याची गोष्ट काढली, ती तीन वाक्यांत संपली, कारण बोका घरी परत आला. रांग फाटली. मास्तर एका खडकावर बसले ते बसलेच, आणि बसल्या जागी सगळं खरवडून टाकलं. त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मोजणी महिन्यावर आली आहे. माझा जीव टांगणीला लागला.

रेडिओ म्हणाली, "कंडक्टरबाई, तुमचा जन्म बसमध्ये गेला. तुमच्याकडे काहीतरी असेलच."

"माझ्याकडे कुठल्या गोष्टी? माणसं चढतात, तिकीट घेतात, उतरतात."

"उद्या तुम्ही बोला," ती म्हणाली आणि विषय संपवला.

मी संध्याकाळभर आठवून पाहते आहे. मी तर लोकांना गप्प करण्यातच हयात घालवली.

१९ मे

रेडिओने मला ओढून रांगेच्या मधोमध उभं केलं. नव्वद माणसांना सुट्टे पैसे काढा म्हणून दरडावणारी मी, वीस माणसांपुढे बोलायला घाबरले. शेवटी डोळे विळ्यावर ठेवून म्हटलं, "एक बाई होती. रोज सकाळच्या बसला यायची. दोन तिकिटं काढायची आणि एकटीच बसायची. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायची, कोणाला बसू द्यायची नाही."

"मग?" कोणीतरी म्हणालं.

"लोक भांडायचे. ती दुसरं तिकीट दाखवायची. पावसात, उन्हात, गर्दीत, रोज. पिशवी खिडकीच्या सीटवर, आणि स्वतः मात्र वाटेच्या बाजूला."

"मग?" आता तीन-चार जणी.

"मग तिचा थांबा आला की उतरायची."

"आणि दुसरं तिकीट कोणाचं?"

"कोणास ठाऊक."

रांग जागच्या जागी थांबली. "विचारलं नाहीत?" उंचेली अशी ओरडली की पक्षी उडाले.

"दोन सीट, दोन तिकिटं. मी काय विचारणार?"

मग जो कल्ला झाला! वहिनी म्हणाल्या, नवरा गेला असणार. रेडिओ म्हणाली, छे, नवरा गेलेली बाई स्वतः खिडकीत बसली असती, हा कोणीतरी परत येणारा आहे. मास्तरांचा निरोप आला की पिशवीत काहीतरी जिवंत होतं. उंचेली म्हणाली, तिला फक्त पाय पसरायचे होते. भांडत भांडत, मुठी कापत, ती सगळी कधी चालू लागली कळलंही नाही. मी मागे राहिले. धावत जाऊन पुन्हा मध्ये घुसले, कारण मला सांगायचं होतं की पिशवी हलत नसे, मी नीट पाहिलं होतं.

मला आज समजलं की माझ्याकडे नुसते गोष्टींचे मधले तुकडे आहेत. माणसं कुठून आली ते माहीत नाही, उतरल्यावर कुठे गेली ते माहीत नाही. वाटायचं, हे काय कोणाला सांगायचं? आणि इथे वीस माणसं त्यांचे शेवट करायला उपाशी बसली आहेत. मी फार फार खूश आहे. मुद्दाम लिहून ठेवते.

१ जून

दार घेऊन बसमध्ये चढणारा माणूस सांगून झाला. पुढच्या आणि मागच्या सीटवर बसून माझ्यामार्फत भांडणारं नवं जोडपं झालं ("यांना सांगा, डबा घरी राहिलाय." "तिला सांगा, मुद्दाम ठेवलाय."). हे जोडपं रेडिओला इतकं आवडलं की तिने त्यांना दोन मुलं दिली आणि मास्तरांनी त्यांतल्या एकाला डॉक्टर केलं. माझा घसा बसला आहे. वहिनी गरम पाणी देतात आणि स्वयंपाकघरात एकटीला गाठून विचारतात, "मला तेवढं सांगा, डब्यात काय होतं?"

१५ जून

मोजणी.

मॅडम चौकट टाकत चालल्या आणि आम्ही मागे, एकही जण बोलत नाही. रेडिओने तर माझा हात इतका आवळला की वळ उठले. जिथे मी आकडे टाकले होते तिथले दोन खडक अजून विरळ आहेत. ते मीच त्यांना दाखवले आणि का झाले तेही सांगितलं. बाकीचे दाट आहेत. मास्तरांचा तो खडकही हिरमुसला आहे, पण बूड जिवंत आहे. राखीव कातळावर त्यांनी चौकट टाकली तर ती शेवाळात हरवलीच, वहिनींनी हात घालून शोधून दिली.

मॅडमनी बेरीज केली, पुन्हा केली आणि हसल्या. "गेल्या वर्षापेक्षाही बरं आहे. चालू ठेवा."

माझा जीव भांड्यात पडला. उंचेलीने मॅडमना उचललं. खरोखर उचललं, बुटांसकट.

मॅडमना कागदावर व्यवस्थापनाची पद्धत लिहायची होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गप्पा असं कसं सांगायचं? तेव्हा मास्तर घसा खाकरून म्हणाले, "लिहा. सामूहिक, फिरती आणि मौखिक." मॅडमनी तसंच लिहून घेतलं.

दादाने मुलीला फोन करून सांगितलं की आम्ही येत नाही. खोलीतून मला ऐकू आलं. नंतर तो बराच वेळ अंगणात उगाचच नळ दुरुस्त करत होता, नळ काही बिघडलेला नव्हता.

२१ जून

विळ्यांना तेल लावून ठेवलं. आता दोन महिने कापणी बंद, खडकांना विश्रांती. किनारा वाचला, दादा-वहिनींचं घर राहिलं, माझं काम झालं. कापणी नाही म्हणजे रांग नाही, आणि रांग नाही तर माझं इथे काय? थोडे दिवस म्हणून आले, त्याचे किती झाले. सकाळी बॅग काढून पुढच्या खोलीत ठेवली. वहिनींनी दारातून पाहिलं आणि काही न बोलता बाहेर निघून गेल्या. मला जरा लागलंच ते.

दोन साड्यांच्या घड्या घातल्या असतील नसतील, तोच बाहेर गलका. दार उघडलं तर रेडिओ, तिच्या मागे उंचेली, मास्तर, आणि मागे सगळी रांग. हातात विळा नाही, पोतं नाही. सगळ्यांत मागे वहिनी, धापा टाकत.

"काय झालं? आज कापणी नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे," रेडिओ म्हणाली. "ती दोन तिकिटांवाली. ती सुट्टीच्या दिवशी यायची का? मला झोप लागेना."

मी विचार केला. "यायची," म्हटलं. "सुट्टीच्या दिवशी तर मोठी पिशवी आणायची."

"बघा! मी सांगितलं नव्हतं?" आणि ती मला बाजूला सारून आत शिरली. तिच्या मागून सगळे. खोलीत एक खाट, एक खुर्ची. कोणी जमिनीवर बसलं, कोणी खिडकीत. चहाला कप पुरेनात म्हणून वाट्या काढल्या. उन्हं उतरेपर्यंत त्या बाईला आम्ही कुठल्या कुठे नेलं, आणि शेवटी त्या खिडकीच्या सीटवर कोणाला बसवायचं यावर मतं घेतली, तरी निकाल लागला नाही. उद्या पुन्हा बसायचं ठरलं आहे.

मास्तरांना जागा नव्हती, तर वहिनींनी माझी बॅग आडवी करून त्यावर त्यांना बसवलं. ते शेवटपर्यंत उठले नाहीत. झाकण पार चेपलं आहे, आता बंदच होत नाही. दादा म्हणाला, दुरुस्त करून देतो. मी म्हटलं, काही घाई नाही.